नवीन मासोळी काहून मरते

उमरखेडला बस स्टँडच्या मागे माझं फिशटँकचं दुकान आहे. "मासोळी मजेत हाय" असं सांगायला माझ्याकडे सहसा कोणी येत नाही. मेली की येतात. त्यामुळे किस्से साठले ते बहुतेक मेलेल्या मासोळ्यांचे, आणि तरी आठवले की मला हसूच येतं.

पहिला माझाच. दुकान उघडलं ऐन मे महिन्यात. पहिली खेप आली आणि मी उत्साहात पिशव्या फोडून मासोळ्या थेट टँकमध्ये ओतल्या. पिशवी आधी पाव तास टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, दोन्ही पाण्यांचा गारवा सारखा होऊ द्यायचा, हे मला कुठे माहीत? दोन दिवसांत निम्म्या गेल्या. बायको डबा घेऊन आली, काचेत पाहिलं आणि म्हणाली, "जेवता का आज, का सुतक पाळून राह्यले?"

आमच्या गल्लीतल्या सुमनकाकूंच्या घरी पितळेच्या डब्यात तोंड दिसतं. त्यांनी नेलेला टँक त्या रोज रिकामा करून भांड्याच्या साबणाने घासायच्या. आठवड्यात मासोळ्या संपल्या. मी समजावलं, "काकू, सगळं पाणी काढत नका जाऊ. टँकमधी बारीक जीव वाढतात, ते मासोळीची घाण खातात. थोडं मळकं असलं तं मासोळी जगते."

काका मागेच उभे होते. हळूच म्हणाले, "हे मानसायलेही लागू हाय का? जरा सांगा न हिले."

महागावच्या एका घरात माणसं सात आणि मासोळ्या चार. टँकजवळून जाईल तो चिमूटभर खाणं टाकायचा. उरलेलं सडलं, पाणी नासलं, चारही गेल्या. नवीन चार नेताना मी सांगितलं, खाणं एकानंच टाकायचं, दिवसातून एकदा. ते काम घरातल्या म्हाताऱ्या आबाजींकडे गेलं. त्यांनी खाण्याची डबी बंडीच्या खिशातच ठेवली.

महिन्याने आबाजी भेटले. मी विचारलं, "मासोळ्या कशा हायेत?"

"मस्त. मी दिसलो का वर येतात. घरात चौघं तरी माह्यं ऐकून राह्यले."

तांड्यावरच्या राठोडभाऊंना म्हटलं, नवीन टँक आधी महिनाभर नुसताच चालवा, चिमूटभर खाणं टाका, ते बारीक जीव जमू द्या. भाऊंनी शब्द पाळला. दिवा लागलेला, बुडबुडे सुटलेले, आत कोणी नाही. सारा तांडा बघायला यायचा. एका म्हाताऱ्याने बराच वेळ काचेला डोळे लावून विचारलं, "मासोळी कुठी हाय?"

भाऊ म्हणाले, "रान तयार होऊन राह्यलं, बा. पेरनी मंग."

त्यांची एकही मेली नाही.

आणि यमुनाबाई. त्या आणि त्यांचा मुलगा प्रकाश, घरात दोघंच. एका गोल काचेच्या भांड्यात एक केशरी मासोळी. एवढ्याशा पाण्यात ती किती टिकणार? एकदा यमुनाबाई बहिणीकडे गेल्या असताना प्रकाश मेलेली मासोळी पिशवीत घेऊन धावत आला. "अगदी अशीच द्या. आईले सांगू नका, तिले सहन नाही होनार."

मी दिली. वर सांगितलं, मोठा टँक घ्या. तो म्हणाला, "टँक बदलला तं तिले शंका येईन न."

पुढे काही महिन्यांनी प्रकाश कामासाठी नागपूरला गेला, तेव्हा यमुनाबाई आल्या. पदराआडून पिशवी काढली. "अशीच पाह्यजे. पोराले बोलजो नको. लय हळवा हाय तो."

त्यांनाही मी मोठा टँक सांगितला. त्या म्हणाल्या, "अन् त्यानं इचारलं, काहून आनला, तं?"

असं चार वर्षं चाललं.

मागच्या दिवाळीत दोघं मिळून खाणं घ्यायला आले. दुकानात एक नवीन गिऱ्हाईक माझ्याशी हुज्जत घालत होतं, तुमच्या मासोळ्या जगतच नाहीत म्हणून. यमुनाबाई त्याला म्हणाल्या, "आमची पाहा. चार वर्षं झाले, एक दिवस बिमार नाही."

प्रकाशने मान हलवली. "जीव लावा लागते."

मग दोघांनीही एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

मी खाण्याची डबी कागदात बांधत राहिलो.