कुत्र्याचा शिजवलेला वाटा

दुसरी मोठी लढाई चालू होती तवाची गोष्ट. मी फार शिकलेला न्हाई, जमेल तसं लिहितोय. यंदा बायको गेली. तिचं काही सांगायला बसलो की आधी ते कुत्रंच डोळ्यापुढं येतं.

आमचं गाव म्हसवडच्या बाजूला, धंदा मेंढरांचा. बकरं कापलं की गरम फोपसं आणि काळजाचा तुकडा कच्चाच राखणीच्या कुत्र्यापुढं टाकायचा, ही आमची रीत. राखणदाराचा मान म्हणायचे त्याला.

त्या साली आमचं कुत्रं शिंकायला लागलं. नाक मातीत घासायचं, शिंकेतनं रक्त यायचं. मग त्याला वासच येईना. लांडगा वाऱ्याच्या बाजूनंच येऊन कोकरू घेऊन गेला, तरी हे आपलं बसलेलं.

बा म्हणाला, "आता ह्याला काय पुजायचं? उद्या टाकतो मारून."

बायको लग्न होऊन नुकतीच आलेली. पदर सावरून म्हणाली, "मामंजी, मेंढरं चरायला किस्नाकाठाला जाऊन परत येईस्तोवर थांबा. तवर राखण मी करते."

"तू भुकणार हाईस व्हय गं?"

"भुकते की."

बा हसला, म्हणून कुत्रं वाचलं. पण तेवढ्याच मुदतीपुरतं.

दोन-चार दिवसांनी शिंकता शिंकता त्याच्या नाकातनं एक किडा पडला. बोटाएवढा, पांढरा, जिभेसारखा चपटा, अंगावर वळ्या. हिनं माझ्या डबीतली तंबाखू झटकली आणि किडा आत घातला. "आवं, चला वडूजला."

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं डबी उघडली. म्हणाला, हा किडा कुत्र्याच्या नाकात राहतो. शिंकेतनं त्याची अंडी गवतावर पडतात, गवत मेंढरं खातात, मग त्यांच्या काळजा-फोपशात पिल्लं दडून बसतात. ते कच्चं खाल्लं की परत कुत्र्याच्या नाकात. औषध न्हाई. आतले किडे म्हातारे होऊन मरतील, पण नवे जाऊ देऊ नका.

म्हणजे मान म्हणून आम्ही रोगच चारत होतो.

त्या दिवसापासनं कुत्र्याचा वाटा चुलीवर चढला. बायका हसायच्या, "आगं, पाट-पाणी पण मांड की त्याला!"

"मांडीन. तुमी वाढायला या."

मी सरपण आणून द्यायचो. पाला-काटक्या मिळायची मारामार, तरी ती कच्चं टाकू द्यायची न्हाई. मिरजेच्या बाजूला खतासाठी लोकांच्या रानात मेंढरं बसवली तिथंही डेचकं वेगळंच. शिंका कमी झाल्या, पण वास येतोय का ते कळेना. बा रोज कुत्र्याकडं बघायचा.

परतीच्या वाटेवर, गाव दिसायला लागलं असताना, कुत्रं थबकलं. नाक वर केलं, वाऱ्यात दोनदा हुंगलं आणि ओढ्याकडं सुटलं. झुडपातनं लांडगा उठून पळाला.

बा काठी टेकून उभा राहिला. पुढं गावात बकरं कापलं तवा कुणीतरी फोपसं उचललं. बा खेकसला, "टाकू नगंस रं! सुनंकडं दे, शिजवंल ती."

आता सुना मला म्हणतात, मामंजी, कशाला चुलीपुढं बसता? मी ऐकत न्हाई. दारात आता दुसरं कुत्रं हाय, पण डेचकं बायकोचंच हाय. हात चालतोय तवर त्याचा वाटा मीच शिजवणार.