एका ओळीचा सूड

बारा वर्षं ती त्या व्यायामशाळेत शिकवत होती. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे तिला शिट्टीबाई म्हणत. तिच्या हाताखाली कोणाचा साधा पायही कधी मुरगळला नव्हता. म्हणून तिच्याकडे शिकणाऱ्या निवृत्त पोस्टमनकाकांच्या खांद्याचा स्नायू फाटला तेव्हा तिचा आधी विश्वासच बसला नाही.

काकांचा खांदा मुळातच नाजूक होता. पाच किलोपासून सुरुवात करून दीड महिन्यानं वीस किलोवर जायचं, असा आराखडा तिनं व्यायामशाळेच्या ॲपमध्ये भरून ठेवला होता. तो सगळा पुढचा बेत होता, केलेलं काम नव्हे. त्या दिवशी ती सुट्टीवर होती. काकांनी मोबाइलवर त्याच ॲपमधल्या एआय मदतनीसाला विचारलं, "मागच्या वेळी मी किती उचललं? आज किती उचलू?" मदतनीसानं नोंदी मागवल्या आणि उत्तर दिलं, "मागच्या वेळी वीस. आज बावीस करून बघा." काकांनी करून बघितलं.

ॲप बनवणाऱ्या कंपनीच्या विभागप्रमुखानं व्यायामशाळेच्या मालकांना चार ओळींचं पत्र धाडलं. आमच्या यंत्रणेत दोष नाही, प्रशिक्षिकेनं नोंद चुकीची केली. मालकांनी ते पत्र तिच्या हातात दिलं आणि त्याच आठवड्यात तिला घरी बसवलं. ती काकांना भेटायला गेली तर काकूंनी दारातूनच सांगितलं, "पुन्हा या घराची पायरी चढू नका."

ते पत्र तिनं कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलं. अधूनमधून काढून वाचायची.

"अगं, डूख धरून किती दिवस बसशील?" सासूबाई म्हणायच्या.

"त्या माणसाला मान खाली घालायला लावीन, तोवर."

दीड वर्षानं त्याच कंपनीची जाहिरात आली. मदतनीसाची उत्तरं तपासायला व्यायामातलं कळणारं माणूस हवं होतं. तिनं अर्ज केला. विभागप्रमुखानं तिला कधी पाहिलंच नव्हतं, आणि पत्रातलं तिचं नाव तो केव्हाच विसरला होता. तिला मात्र त्याच्या सहीचं वळणसुद्धा पाठ होतं. त्याच्यापासून तिसऱ्या टेबलावर ती रुजू झाली. रोज सकाळी हसून "नमस्कार साहेब" म्हणायची.

शेजारच्या टेबलावरच्या इंजिनिअर मुलीनं तिला काम समजावलं. "ताई, मदतनीसाला नोंदींचं कपाट दिसत नाही. नोंदी आणून देणारं एक साधन आहे. ते कधी वापरायचं, त्यातून काय मिळतं, हे तो फक्त या वर्णनात वाचतो. इथे लिहिलंय तेवढंच त्याला ठाऊक."

वर्णन एका ओळीचं होतं. 'सभासदाचा व्यायाम आणते.' बस्स. ठरवलेला की केलेला, याचा पत्ता नाही. खाली लिहिणाऱ्याचं नाव होतं. विभागप्रमुखाचं.

त्या दुपारी तिला जेवण गेलं नाही. आनंदानं.

पण तिनं घाई केली नाही. नवं वर्णन लिहायचं काम मागून घेतलं आणि त्याला तीन आठवडे लावले. नवख्या सभासदाला समजवावं तसं एकेक वाक्य लिहिलं: 'हे साधन एका सभासदाच्या व्यायामाच्या नोंदी आणतं. प्रत्येक नोंदीवर ठरवलेला, केलेला किंवा टाळलेला असा शेरा असतो. मागच्या वेळचं विचारलं, तर फक्त केलेल्या नोंदी घ्या. वजन नेहमी किलोत. नोंद सापडली नाही म्हणजे व्यायाम झालाच नाही असं समजू नका, सभासदाला विचारा. पुढे किती उचलावं हे या साधनाला कळत नाही, त्यासाठी प्रशिक्षकाकडे पाठवा.'

मग तिनं काकांचाच प्रश्न जुन्या वर्णनावर पन्नासदा विचारून पाहिला. एकतीस वेळा मदतनीस चुकला. नव्या वर्णनावर एकदाही नाही.

हा निकाल तिनं तिमाही बैठकीसाठी राखून ठेवला. त्या बैठकीला व्यायामशाळांचे मालक येत, तिचे जुने मालकही. आकडे पडद्यावर आले तसा विभागप्रमुख खूश झाला. "छान काम केलंत."

"साहेब, जुन्या ओळीखाली कोणाचं नाव आहे, तेवढं वाचून दाखवता?"

त्यानं पुढचा तक्ता दाखवायला सांगितलं. तिनं घडी पडलेलं पत्र त्याच्यापुढे सरकवलं. "मग हे वाचा. यातली प्रशिक्षिका मीच."

त्यानं पत्र पाहिलं, सही पाहिली. "एवढ्यासाठी इथे नोकरी धरलीत?"

"हो. एवढ्यासाठीच."

ती थांबली नाही. चूक माझी होती, असं त्यानं स्वतः लिहून द्यावं, त्याच्या तीन प्रती काढाव्यात आणि प्रत्येकीवर शाईनं सही करावी, हे तिनं सगळ्यांदेखत मागितलं. त्यानं तिन्हींवर सह्या केल्या. ती शेजारी उभी राहून बघत होती. महिन्याभरात त्याचं पद गेलं. मालकांनी तिला परत बोलावलं. "मला घरी बसवताना एकदा तरी विचारलं होतंत?" एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

एक प्रत घेऊन ती पोस्टमनकाकांकडे गेली. या वेळी काकूंनी दार उघडलं आणि खाली बघत खुर्ची पुढे केली. काकांनी डाव्या हातानं कागद धरून सावकाश वाचला. उजवा अजूनही खांद्याच्या वर जात नव्हता.

"त्याची जिरवलीत म्हणायची," काका म्हणाले.

"जिरवली."

"बरं वाटलं?"

"फार बरं वाटलं, काका. खोटं कशाला बोलू?"

काका थोडं हसले. मग तिनं त्यांचा उजवा हात कोपराखाली धरला आणि दुखतं तिथपर्यंत हळूहळू वर नेला. "इथे थांबा," ती म्हणाली. "आता दहा आकडे मोजा."