निळी डमी, काळा रंग

"मनोहरशेठ, फणस काढायला हात वर करता तसे करा बघू."

त्यांनी हात वर केले. बुशशर्ट वर चढला आणि कमरेजवळ मूठ दिसली.

"दिसलं. आता खालची चप्पल उचला."

ते वाकले. शर्ट ताणला गेला आणि आतला आकार कापडावर उठला. आमच्या धंद्यात याला 'प्रिंट होणं' म्हणतात. लपवलेलं हत्यार कपड्यातून ओळखू आलं की संपलं.

"पन एवढंसं तर हाय वो ते!"

"पिस्तूल एवढंसं आहे. पोट एवढंसं नाही."

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मी पोलीस खात्यात आर्मोरर होतो. हत्यारांचा डॉक्टर म्हणा हवं तर. रिटायर होऊन रत्नागिरीतच राहिलो. परवानावाले लोक हत्यार घेण्याआधी माझा सल्ला घ्यायला येतात. बहुतेकांना रानडुकरांसाठी बंदूक हवी असते. ते काम सोपं. डुकराला बंदूक दिसली म्हणून काही बिघडत नाही. अंगावर लपवायचं पिस्तूल ही वेगळीच कटकट.

मनोहर साळवी देवरूखकडचे. त्यांची चिऱ्याची खाण आहे. शेजारची खाण चुलतभावाची, दत्तारामची. दोन खाणींच्या मधल्या हद्दीवरून केस चालू. आमच्या कोकणात हे काही नवल नाही, भाऊबंदकी नसेल तर सातबारा कोरा वाटतो लोकांना. पण दत्तारामनं वाडीच्या बैठकीत सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "तुला तुझ्याच खाणीत गाडीन." त्या दिवसापासून मनोहरशेठची बायको रात्री दिवा मालवू देत नव्हती. त्यांनी परवाना काढला आणि माझ्याकडे आले. छोट्यातलं छोटं पिस्तूल हवं होतं.

डीलरनं एक कॉम्पॅक्ट पिस्तूल नेमबाजीच्या रेंजवर आणलं. आधी मी चालवलं. कुठे अडकलं नाही, गोळी जिथे पाठवली तिथे गेली. पण छोट्या पिस्तुलाची एक खोड असते. मूठ आखूड, त्यामुळे करंगळी हवेत राहते. वजन कमी, म्हणून हाताला झटका जास्त. मनोहरशेठनी चालवलं तेव्हा कागदावरचा माणूस सुखरूप राहिला.

"आवाज लय भारी हाय," ते म्हणाले.

"आवाजानं माणूस पडत नाही, शेठ. सराव लागेल."

मग उरली अंगावरची परीक्षा. परवान्यावर त्याचा नंबर चढल्याशिवाय खरं पिस्तूल घरी नेता येत नाही. नेता आलं असतं तरी मी नेऊ दिलं नसतं. त्यासाठी माझ्याकडे डमी आहे. तोच आकार, तेवढंच वजन, पण नुसता धातूचा ठोकळा. नळीला भोक नाही, घोडा हलत नाही. रंग निळा, म्हणजे लांबूनही कुणाला खरं वाटू नये.

"आठवडाभर ही कमरेला लावा," मी सांगितलं. "जेवताना, गाडी चालवताना, खाणीवर. कुठे टोचतं, कुठे निसटतं, ते मला सांगा. आणि जत्रा, मिरवणूक, गर्दीत न्यायची नाही. परवान्याची अटच आहे. आत्तापासून सवय लावून घ्या."

आठवडा संपायच्या आतच त्यांची जीप दारात उभी राहिली. त्यांनी डमी टेबलावर ठेवली. ती काळी कुळकुळीत झाली होती.

"हे काय?"

"रंग मारला. निळी बगून गडी हसले असते. म्हनले असते, शेठ खेळनं घेऊन फिरतो."

"अहो, निळी कशासाठी असते मग? शोभेला?"

ते रुमालानं डमी पुसायला लागले. तेव्हा मला शंका आली. "काय झालं?"

"देवळात पडली."

शिमग्याआधी त्यांच्या ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांनी मिळून देवाला घालायचं साकडं, होतं. मनोहरशेठ तिथले मानकरी. मानकऱ्यानं सोवळं नेसून, उघड्या अंगानं आत जायचं. चामडं तर उंबऱ्याच्या आत चालतच नाही. त्यामुळे पट्टा आणि होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं चामडी म्यान, दोन्ही बाहेर पायरीवर राहिलं.

"मग डमी गाडीत ठेवायची!"

"तुमीच बोललाव ना, अंगावर ठेवा? आनि गर्दी कुठं होती, नुसते मानकरी. दत्ताराम पन होता. तो पन मानकरीच."

म्हणून यांनी ती सोवळ्याच्या गाठीत खोचली आणि वर उपरणं घेतलं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, कुनाच्या मनात किल्मिष असंल तर ता दूर कर!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" दत्ताराम म्हणाला. हेही म्हणाले. आणि नमस्काराला वाकले. खणकन आवाज झाला. डमी फरशीवरून घसरत गेली आणि दत्तारामच्या पायाशी थांबली.

"मग?"

"दत्तारामनं तिच्याकडं बगितलं, माज्याकडं बगितलं. म्हनला, 'देवासमोर आनलंस व्हय?' आनि निघून गेला."

"ठोकळा आहे म्हणून सांगितलं नाहीत त्याला?"

"नाय."

"का?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. "म्हटलं, घाबरलाय तर घाबरू दे."

मला असा संताप आला, की तीच डमी उचलून त्यांच्या टाळक्यात घालावी. मी घातली नाही. निकाल दिला. "पिस्तूल पास. तुम्ही नापास. घेऊ नका."

ते फणकाऱ्यानं निघून गेले.

पुढं काही दिवसांनी एक किडकिडीत माणूस आला. डोळे तारवटलेले. "मी दत्ताराम साळवी. परवान्याचा अर्ज केलाय. मनोहरला जे दिलंव ना, त्याच्याहून भारी दाखवा."

मी ड्रॉवर उघडून डमी त्याच्या हातात ठेवली. "हेच ते."

त्यानं ती उलटीपालटी केली. नळीत बोट घालायला गेला, भोक सापडलं नाही. नखानं खरवडलं, तर काळ्याखालून निळा रंग आला.

"आयला! खोटं?"

"नुसता ठोकळा."

तो खुर्चीत बसला. "मी पोरांना आजोळी धाडलंय वो. एवढं उकडतंय, पन अंगनात झोपत नाय. कडी लावतो, उशाला कोयता."

"आणि त्यांना खाणीत गाडणार होतात, त्याचं काय?"

"ता रागात बोललो. मानूस रागात काय पन बोलतो. भाऊ हाय तो माजा."

"हे त्यांना सांगितलंत कधी?"

"नाय."

"का?"

त्यानं डमी टेबलावर ठेवली. "म्हटलं, घाबरलाय तर घाबरू दे."

मी मनोहरशेठना फोन लावला, "तुमचा भाऊ बोलतोय" एवढंच म्हणालो आणि फोन त्याच्या हातात दिला. दत्ताराम म्हणाला, "दादा, ठोकळा होता म्हने तो." पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. पण त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाला, "वहिनीला सांग, दिवा मालव."

हद्दीची केस अजून चालू आहे. ती चालूच राहील, त्यात माझं काही जात नाही. पिस्तूल दोघांनीही घेतलं नाही. डमीला मी पुन्हा निळा रंग दिला. ती नेणाऱ्याला आता एकच जास्तीची अट घालतो. ज्याच्या भीतीनं हत्यार घेताय, त्याला आधी ही दाखवून या, आणि खोटी आहे म्हणून सांगा.

तेव्हापासून माझ्याकडे फक्त डुकरवाले येतात.