सातव्या जाळीपुढची खूण

मी याद्या करते. नाशिकपासून तासाभरावर, धरणाच्या पाण्याकाठी, आमच्या कॉलेजचं पक्षी-अभ्यास केंद्र आहे. दर हिवाळ्यात तिथे आम्ही पक्षी धरून, पायात कडी घालून सोडून देतो. दहा जाळ्या, दहा नंबर. संध्याकाळी जाळी मिटली की नंबरापुढे बरोबरची खूण. वेळ वाचावा म्हणून मी ती जाळीकडे निघतानाच करून टाकायचे.

जाळीत अडकलेले पक्षी सोडवायचं काम मामांचं. ते शेजारच्या गावचे, सत्तरीला टेकलेले. आधी पाय, मग पंख, मग डोकं; एक पीस मोडू देत नसत. चार हिवाळ्यांपूर्वी त्यांनी सोडवलेल्या एका वटवट्याला मी कडी घातली. चिमूटभर तपकिरी पक्षी. पुढच्या हिवाळ्यात तोच पक्षी काठच्या पाणकणसाच्या उंच गवतात, त्याच सातव्या जाळीत सापडला.

"आली माझी माहेरवाशीण!" म्हणत मामांनी डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडून त्याच्यावरून ओवाळून टाकला.

"मामा, नर असला तर?"

"असंल. माहेरी आला ना?"

मग ते दरवर्षीचंच झालं.

यंदा मामांच्या डोळ्यांवर सारा आला होता, सगळं धुरकट दिसायचं. "तिला बघतो नि घरी बसतो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. रोज भाकरीचा तुकडा खिशात घेऊन यायचे.

त्या संध्याकाळी सातवीपुढे खूण करून मी निघाले आणि वाऱ्याने मागे वजनाचं टेबल उलटलं. नोंदींचे कागद उडाले. मी परत धावले. कागद सगळे सापडले.

निघताना मामा म्हणाले, "मॅडम, पाणकणसातली मिटली का?"

"यादीत खूण आहे, मामा."

"तुमची यादी लय पक्की, माहीत हाय. तरी एक चक्कर मारू का?"

"अंधार पडतोय, पाय घसरेल. चला."

सकाळी सातवी उघडीच होती. खालच्या झोळात एकच पक्षी, थंडीने गेलेला. मामांनी सोडवला. आधी पाय, मग पंख, मग डोकं. नेहमीइतकाच वेळ घेतला. कडी माझ्यापुढे धरून म्हणाले, "नंबर वाचा, मला दिसत नाय." मला तो पाठ होता. तरी दोनदा वाचला.

"मामा, काहीतरी बोला."

"काय बोलू? थंडी लय होती."

खिशातला तुकडा त्यांनी बाहेर काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत खिशात ठेवला.

नोंदवहीत मी शेरा लिहिला: जाळी माझ्या चुकीने उघडी राहिली. दुसऱ्या दिवसापासून मामा आले नाहीत. आता मी जाळी मिटून पिशवीत गेल्यावरच खूण करते. मोसम संपेपर्यंत एकही उघडी राहिली नाही.