आठवड्याला एक टाका आत

लातूर कुणी वसवलं हे चौथीच्या पुस्तकात नव्हतं आणि पुढची पुस्तकं मी पाहिली नाहीत. पण बाहेरून आलेल्या माणसाला त्या शहरात वसवायचं काम एकट्या गादीवाल्या मामूंनी केलं, हे मी कुठंही सांगायला तयार आहे. जून लागला की लोहा, कंधार, उदगीर, कुठून कुठून पोरं क्लाससाठी येत. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हाताला आई. खोली मिळाली की पहिली खरेदी गादीची, आणि गादीचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडावर. त्यामुळे नवा माणूस आधी मामूंच्या तावडीत सापडे आणि मग क्लासच्या. मामू चौकशी केल्याशिवाय गादी देत नसत. गाव कोणतं, खोली कुणाची, खिडकी कोणत्या दिशेला, पोरगं पालथं झोपतं की उताणं. गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "मामू, गादी पाहिजे, सोयरीक नाही करायची." मामू म्हणायचे, "सोयरीक मोडली तर दुसरी बघता येती. दोन वर्सं पाठ दुखली तर पोरगं वाचंल कसं?"

कापूस पिंजायच्या यंत्राशेजारी सगळा जन्म गेल्यामुळे मामू ओरडूनच बोलत. यंत्र बंद केलं तरी आवाज खाली येत नसे. भुवयांत कायम कापूस, आणि तोंडात सल्ला. कुणाच्या पोराला चाचणीत किती पडले, कुणाच्या आईचं पोट बिघडलंय, हे गल्लीला त्यांच्या सल्ल्यांतूनच कळे. नळ आठ-आठ दिवसांनी येतो, त्या दिवशी पाहुणे बोलवायचे नाहीत. पिंपाला झाकण घ्यायचं आणि झाकणावर दगड ठेवायचा. माकडांसाठी नाही, शेजाऱ्यांसाठी. क्लासच्या अगदी समोरची खोली घ्यायची नाही, तिथलं पोरगं रोज उशिरा पोचतं. निकालाच्या दिवशी गोड करायचं नाही आणि उपासही धरायचा नाही. मार्क कितीही पडोत, खिचडी. परराज्यातून शिकवायला आलेल्या फिजिक्सच्या एका सरांना त्यांनी बजावलं होतं, "सर, पहले आठ दिन दाल-चावल. भाकरी बाद में. ठेचा तो दिवाली के बाद." सरांनी पहिल्याच दिवशी ठेचा खाल्ला आणि तीन दिवस फिजिक्स बंद राहिलं. नंतर ते सर केस कापायलाही मामूंना विचारून जात. दोन वर्षं वापरलेल्या गाद्या पुन्हा पिंजायला आल्या की मामू वरून हात फिरवून निकाल सांगत. "कडेला दबलीय, म्हंजी पोरगी बसून पाठ करत होती. होणार डाक्टर. ह्येच्या मधीच खड्डा हाय, ह्येचं काही खरं न्हाई."

खोटं कशाला सांगू, दहातले तीन सल्ले चुकत. एकदा "आज पाऊस न्हाई, गाद्या वाळू घाला" म्हणाले आणि बारा बायांच्या गाद्या भिजून चिंब झाल्या. बाया भांडायला गेल्या तर म्हणाले, "सल्ला बराबर होता. पाऊस चुकला."

मी त्यांच्या दुकानात गेले ते नातीची गादी घ्यायला. नात आधी हॉस्टेलात राहून दोनदा काविळीनं घरी आली होती. मुलगा साखर कारखान्यात, सून अंगणवाडीत. दोघांनाही गाव सोडता येईना. म्हणून ठरलं, आजीनं खोली करून राहायचं, रांधून घालायचं. आजी टिकली तर पोरीचं शिक्षण टिकेल, असा सरळ हिशेब होता. मामूंनी विचारलं, "माणसं दोन, गादी एकच?"

"मी सतरंजीवर झोपते."

"कुठं?"

"बाहेर."

"बाहेर म्हंजी?"

"बाहेर म्हणजे बाहेर."

मामूंनी गावाचं नाव पुन्हा विचारलं. किल्लारीच्या शेजारचं आहे म्हटल्यावर त्यांनी यंत्र बंद केलं आणि पहिल्यांदाच हळू बोलले. म्हणजे दोनच दुकानांपर्यंत ऐकू गेलं.

भूकंपात आमच्या घरातली तिघं गेली. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते, की त्यानंतर वीस वर्षं मी पक्क्या छताखाली झोपले नव्हते. नव्या गावात घर मिळालं. त्यात रांधलं, पाहुणे केले, सुनेचं बाळंतपण केलं. झोपायला मात्र अंगणात. लातूरची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर होती, समोर उघडी गच्ची. तिथं मी सतरंजी टाकली. पाऊस आला की प्लॅस्टिक पांघरलं. पण पाण्याची टाकीही गच्चीवरच, आणि पहाटे चारही खोल्यांतल्या बाया बादल्या घेऊन मला ओलांडून जात. एक दिवस नांदेडच्या एकीचा पाय माझ्या पांघरुणात अडकला. बादली माझ्यावर पडली आणि ती बादलीवर. घरमालक वर आले. म्हणाले, "आजी, आठ दिवसांत आत झोपा, नाहीतर खोली सोडा. उद्या कुणाचा हातपाय मोडला तर मी काय करू?" माणूस वाईट नव्हता, बोलत होता ते खरंच होतं. मी त्या रात्री आत झोपून पाहिलं. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं आणि घटकाभरात मी बाहेर. सकाळी उठून पाहते तर नात पुस्तकं ट्रंकेत भरत होती.

मी गादी परत करायला मामूंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या दाराची रुंदी किती?" मला वाटलं, म्हातारं बहकलं. पण ते टेप घेऊन तीन मजले चढून आले, दार मोजलं, आणि दुसऱ्या दिवशी दाराच्या मापाची अरुंद गादी घेऊन हजर. उंबरा टोचू नये म्हणून कापूस दुप्पट भरलेला. आडव्या ओळीनं वीत-वीत अंतरावर लाल दोऱ्याचे टाके. म्हणाले, "आक्का, पाय आत, डोकं बाहेर. पाच टाके बाहेर ठेवून सुरुवात करायची. आठवड्याला एक टाका आत. छत तुमच्या अंगावर येणार न्हाई, तुमीच छताखाली जायचं. तुमच्या मर्जीनं." घरमालकांना जाऊन सांगितलं, "आता वाट अडत न्हाई. अन् दारात झोपलेली म्हातारी म्हंजी फुकटचा पहारा. सहा हप्त्यांची मुदत द्या." त्यांनी दिली. मामूंशी ओरडण्यात कोण पुरणार?

मग रोज सकाळी गल्लीतून हाक येई, "आक्का, किती टाके?" मी असल्या चावटपणाला उत्तर देत नसे. नात कठड्यावरून ओरडे, "चार!" दोन आठवड्यांत भाजीवाली, दूधवाला, फिजिक्सचे सर, सगळे विचारायला लागले, "आजी, किती राहिले?" जशी काही माझीच परीक्षा होती. तिसऱ्या आठवड्यात पहाटे खालून खडीचा ट्रक गेला, भिंत थरथरली, आणि मी गादीसकट गच्चीच्या मध्यावर. त्या सकाळी हाक आली तेव्हा नात कठड्याकडे गेली नाही. मीच ओरडले, "पाच!"

मामू वर आले. आता रागावणार म्हणून मी तयारीत होते. ते टाकीच्या ओट्यावर बसले, दम खाल्ला आणि म्हणाले, "पाच तर पाच. पुन्हा मोजू." मग म्हणाले, "भूकंपाच्या वर्सी दुकानातल्या सगळ्या गाद्या ट्रकात घालून तुमच्याकडं आलो होतो. एका बाईच्या हातात गादी दिली. तिनं इचारलं, टाकू कुठं? मला काही सुचलं न्हाई, आक्का. मान खाली घालून ट्रकात बसलो. तवापासून कुणी काही इचारलं तर मी गप बसत न्हाई."

ती बाई मी नव्हते. असते तर गोष्ट जास्त शोभली असती, पण नव्हते. त्या वेळी मला कुणी गादी दिली, कुणी काय दिलं, काहीच आठवत नाही. मी मामूंना चहा केला. त्यांनी साखर कमी घालायचा सल्ला दिला.

घरमालकांनी आणखी दोन हप्ते थांबायचं कबूल केलं. आठव्या हप्त्यात एका सकाळी हाक आली, "आक्का, किती?" नात कठड्यावर वाकून ओरडली, "एकही नाही!" खालून काहीच आवाज आला नाही. मामू गप्प बसलेले गल्लीनं तेव्हा पहिल्यांदा ऐकले. मग यंत्र सुरू झालं.

पुस्तकं ट्रंकेतून बाहेर आली ती दोन वर्षांनी नांदेडला नेण्यासाठीच पुन्हा आत गेली. तिथं वैद्यकीयला नातीचा नंबर लागला. तिची गादी कडेलाच दबली होती, मी पाहिलं. मी गावी आले आणि आता घरातच झोपते. अरुंद गादी आणली आहे. लाल दोरे फिके झालेत.

मामूंचं दुकान बंद झालं. पोरं हल्ली गुंडाळी करून आलेल्या फोमच्या गाद्या घेतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. त्यांच्या मुलानं त्यांना पुण्याला नेलं, अकराव्या मजल्यावर. मध्ये त्यांचा फोन आला. "सगळं झकास हाय, आक्का. पाणी चोवीस तास. लिफ्ट हाय. फकस्त इथं कुणी काही इचारत न्हाई. सगळ्यांना सगळं ठावं हाय."

तेव्हापासून दर रविवारी मीच फोन करते. परवा विचारलं, "मामू, पिंजलेल्या गादीला पहिलं ऊन कोणत्या बाजूनं द्यायचं?" मला ते केव्हापासून माहीत आहे. मामू ओरडून सांगायला लागले. मी फोन बाजूला ठेवला आणि तूर निवडायला घेतली. अर्धं सूप निवडून झालं तरी ऊन, वारा, टाके, सगळं चालूच होतं. मध्येच थांबले. "आक्का, ऐकायलात ना?"

"हाव," मी म्हटलं, "सांगा."