राउंडअबाउटवरचा फोटो

तुम्ही नव्या घरात राहायला गेलात तेव्हा तुमच्या बाबाने माझ्याकडे एकच वस्तू मागितली. त्याचा आणि आबांचा फोटो. आबा म्हणजे माझे सासरे, तुमचे पणजोबा. ते आयुष्यात एकदाच, तीन महिन्यांसाठी, चिपळूणजवळच्या आमच्या गावाहून बहारीनला आले होते. तुमचा बाबा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्या दोघांचा एकत्र असा तो एकच फोटो.

मी म्हटलं, "शोधते."

पंधरा दिवसांनी त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "सापडत नाहीये रे."

तो फोनवर हसला. "आई, तुझ्या घरात टाचणी हरवत नाही. अल्बमांना नंबर घातलेत तू. काय झालंय ते सांग."

"काही नाही. सापडला की कळवते."

फोटो कुठे होता ते मला पक्कं माहीत होतं. अल्बम क्रमांक चार, उजवीकडचं पान. होता तिथेच, पण पूर्ण नव्हता. तो मी माझ्या हाताने कापला होता आणि हे तुमच्या बाबाला सांगायची माझी हिंमत होत नव्हती. आता त्याला सगळं माहीत आहे. तुम्हांला मराठी कळतं पण वाचता येत नाही, तेव्हा हे तोच तुम्हांला वाचून दाखवेल. मध्ये कुठे अडला तर त्याला घाई करू नका.

आम्ही तेव्हा राजधानीत, मनामाच्या नईम भागात राहायचो. दोन खोल्या, खाली लाँड्री, समोर खुबूस, म्हणजे इथली रोटी, भाजणारी भट्टी. पहाटे त्या भट्टीचा वास खिडकीतून आत यायचा आणि तुमचा बाबा त्या वासानेच उठायचा. मी कोल्हापूरला इंग्रजी घेऊन बी. ए. केलेलं, टायपिंग चांगलं, म्हणून मला एका इंजिनिअरिंग कन्सल्टंटच्या ऑफिसात नोकरी मिळाली. मी तिथे चालत जायची. पत्रं टाइप करायची आणि नकाशे फाइलला लावायचे, हे माझं काम. प्रत्येक नकाशाला क्रमांक असे, आणि नवा आला की जुन्यावर शिक्का मारून तो खालच्या खणात ठेवायचा. अमोनियाच्या प्रिंटांचा उग्र वास साडीला बसायचा. तुमचे आजोबा म्हणायचे, "ऑफिस घरी आणलंस वाटतं."

त्या नोकरीत मला एक गोष्ट कळली. मनामा आधी कागदावर बदलायचं. बाजाराच्या तोंडाशी मोठा दरवाजा आहे ना, त्याच्या पायाशी पूर्वी समुद्र होता असं जुने दुकानदार सांगायचे. मी आले तोवर तो बराच लांब गेला होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत आणखी लांब गेला. आमच्या ऑफिसात एक ड्राफ्ट्समन होते, रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे. मी त्यांना भाई म्हणायची, ते मला वहिनी. ट्रेसिंग पेपरवरची शाई रबराने जात नाही, ती ब्लेडने खरवडावी लागते. भाई ते काम असं करत की कागदाला चरासुद्धा पडत नसे. एखाद्या सकाळी ते बाह्या सरसावून म्हणायचे, "वहिनी, आज समुद्र मागे सारायचाय."

"कुणी सांगितलं?"

"वरून आलंय."

"वरून म्हणजे कुठून?"

"वरून म्हणजे वरून. आमच्या गावात साधा बांध घालायचा तर सगळं गाव तीन दिवस भांडतं. कुणाची होडी कुठे लागणार, कुणाची वाट अडणार. इथे एक रेघ, खलास."

मग ते जुनी किनाऱ्याची रेघ खरवडून नवी ओढायचे. काही महिन्यांनी तिथे डंपर येत, मग रस्ता, मग बँकेची इमारत. ज्या कोळ्यांच्या होड्या त्या जुन्या रेघेवर लागायच्या त्यांचं काय झालं, ते कुठल्या पत्रात मी टाइप केल्याचं आठवत नाही. आम्हीही कधी विचारलं नाही. आमचा पगार त्या रेघांतूनच येत होता. आज बुसैतीनला मी ज्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिते आहे तिथेही एके काळी पाणी होतं. भाईंची सवय लागल्यामुळे जमिनीकडे बघताना अजून मला वाटतं, ही कितवी रेघ असेल.

पण त्याच शहरात आमचा एक चौक होता. शहराच्या एका टोकाला मोठा गोल चौक, आम्ही सगळे राउंडअबाउटच म्हणायचो. मध्ये सहा उंच पांढरे खांब, आतल्या अंगाला कललेले, शिडासारखे, आणि त्यांच्या टोकांवर तोललेला एक प्रचंड मोती. आखातातल्या सहा देशांचे सहा खांब. तोही वरून आलेलाच. पण त्याच्या पायाशी कारंजं आणि गवत होतं, आणि गवतावर कुणालाही बसता यायचं. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चटई, चहाचा थर्मास आणि खुबूसमध्ये गुंडाळलेली बटाट्याची भाजी घेऊन तिथे जायचो. चारी बाजूंनी गाड्या फिरताहेत आणि मध्ये आम्ही जेवतोय. गावी पत्रात हे लिहिलं तर कुणाचा विश्वास बसेना. वारा फिरला की कारंज्याचे तुषार भाजीवर यायचे. शेजारी केरळची मंडळी, पलीकडे इथलीच काही कुटुंबं, मुलं सगळी एकत्र पळायची. एकमेकांची नावं माहीत नव्हती, पण डबे माहीत होते.

आबा आले आणि पहिल्याच शुक्रवारी त्यांना आम्ही तिथे नेलं. धोतर, वर कोट, हातात छत्री. पाऊस नाही सांगूनही छत्री.

मान वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "काय गो सूनबाई, एवढा मोठा मोती, आत काय?"

"सिमेंट असेल, आबा."

"मग बरं. खरा असता तर पहारा बसवला असता, आपल्याला बसू दिलं नसतं."

त्या दिवशी भाईही आमच्याबरोबर होते. त्यांनी नवा कॅमेरा घेतला होता. ते म्हणाले, "आबा, हात वर करा. तळहात उघडा. मोती तुमच्या हातावर ठेवतो." आणि इस्त्रीच्या पँटमध्ये ते गवतावर चक्क उताणे झोपले.

"भाई, तुमची पँट," मी म्हटलं.

"वहिनी, पँट धुता येते. आबा, हात दोन इंच डावीकडे. नाही, तुमची डावी. आता अर्धा इंच वर."

"हा काय माझा हात आहे की तुमची पट्टी?" आबा वैतागले. तुमचा बाबा त्यांच्या कोटाला धरून उभा होता, तो ह्या वाक्याला खो खो हसला, आणि नेमकं तेव्हाच भाईंनी बटण दाबलं. फोटो असा आला होता: आबांच्या उघड्या तळहातावर अख्खा मोती, आबा रागावलेले आणि तुमचा बाबा हसताना, पुढचे दोन दात नसलेला. पुढच्या वर्षी आबा गेले. तो फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर लागला आणि वीस वर्षं राहिला.

मग ते वर्ष आलं, दोन हजार अकरा. त्या चौकात लोक जमले, इथलेच लोक, आपल्या मागण्या घेऊन. हजारोंनी, तंबू ठोकून. आम्ही नईमहून निघून बुसैतीनला आलो होतो, तुमचा बाबा अमेरिकेत शिकत होता. पुढे काय झालं ते तुम्ही मोठे झाल्यावर वाचाल. माणसं मेली. मग सरकारने चौक रिकामा केला, आणि थोड्याच दिवसांत ते सहा खांब पाडले. ते मी टीव्हीवर पाहिलं. मोती खाली येताना पाहून मला आबांचा प्रश्न आठवला, आत खरंच सिमेंट होतं. त्यानंतर तिथे गवत राहिलं नाही, कारंजं राहिलं नाही. सरळ रस्ते आणि सिग्नल आले. जिथे बसायचं ती जागा जाऊन जिथून फक्त पुढे जायचं अशी जागा झाली. ऑफिसात इतकी वर्षं नकाशे लावूनही मला हे तेव्हा समजलं, की रस्त्याच्या आकारावरूनही माणसांना सांगता येतं, इथे थांबू नका. मोती आता त्या जमलेल्या लोकांची खूण झाला होता, म्हणून दुकानांतली त्याची पोस्टकार्डं गेली. ज्या नाण्यावर तो होता ते नाणंही हळूहळू दिसेनासं झालं.

एके दिवशी दुपारी जेवताना तुमचे आजोबा म्हणाले, "तो भिंतीवरचा फोटो जरा आत ठेव."

"का हो?"

"उगाच. माझा व्हिसा रिन्यूला गेलाय. आपण परके, कशाला कुणाच्या डोळ्यांवर यायचं."

एवढंच ते म्हणाले. आत ठेव. मी फोटो फ्रेममधून काढला. कपाटात ठेवला असता तर गोष्ट संपली असती. पण मला अर्धवट काम जमत नाही. मी चारही अल्बम काढले, राउंडअबाउटचे जेवढे फोटो होते तेवढे जेवणाच्या टेबलावर मांडले, आणि ऑफिसातली माझी जुनी स्टीलची पट्टी आणि ब्लेड घेऊन बसले. तीन फोटोंत मोती मागे लांब होता, वरची पट्टी सरळ कापली की काम झालं. चौथा हा. भाईंनी मोती असा बसवला होता की हात आणि मोती वेगळे करता येईनात. दोनदा पट्टी ठेवली, दोनदा उचलली. मग कोपरापासून कापला. मोत्याबरोबर आबांचा हात गेला. कापलेले तुकडे मी गॅसवर जाळले आणि ओटा पुसला.

हे करायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. घरी कुणी आलं नव्हतं, कुणी काही विचारलं नव्हतं, पुढेही कधी विचारलं नाही. व्हिसा महिनाभरात रिन्यू झाला.

बाबाने फोटो मागितल्यावर मी आधी भाईंना फोन केला. ते आता गावी असतात. निगेटिव्ह असती तर सगळंच निभावलं असतं.

"वहिनी, निगेटिव्हचा अख्खा डबा पावसाळ्यात चिकटून गेला. वडी झाली त्याची." मग म्हणाले, "का? तुमच्याकडचा कुठे गेला?"

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "मी शिकवलं होतं का तुम्हांला ब्लेड धरायला?"

"बघून शिकले, भाई."

"चांगली शिकलात," ते म्हणाले. ते टोमणा मारत होते की नाही, मला कळलं नाही.

जानेवारीत तुमचा बाबा एकटाच आठ दिवसांसाठी आला. दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर मी अल्बम क्रमांक चार त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो फोटो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हात कुठे गेला?"

आजोबा मध्येच म्हणाले, "मी सांगितलं होतं तिला. माझा व्हिसा अडकला होता."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही आत ठेव म्हणालात. कापला मी."

"कुणी घरी आलं होतं?" बाबाने विचारलं.

"नाही."

"ओळखीच्या कुणाकडे आलं होतं?"

"नाही."

"चौक त्यांनी पाडला, आई. हात तू कापलास." आवाज चढला नाही त्याचा. तो उठून गॅलरीत गेला. त्या दिवशी आणि त्याच्या पुढच्या दिवशी तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. वाढू का, नको, पाणी देऊ का, घेतो मी. मी त्याची समजूत काढायला गेले नाही. काय सांगणार होते?

त्यानंतरच्या दिवशी तो म्हणाला, "मला तिथे ने."

आजोबा गाडी चालवत होते. आम्ही त्या सिग्नलवरून दोनदा गेलो, दोन्ही वेळा हिरवा.

"बाबा, थांबवा ना जरा," तो आजोबांना म्हणाला.

"इथे थांबता येत नाही रे."

तिसऱ्यांदा लाल लागला. तुमच्या बाबाने काच खाली केली. "आपण कुठे बसायचो?"

ह्या शहराच्या किती रेघा मी फाइलला लावल्या असतील. मी ह्या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं. सगळीकडे डांबर. "बहुतेक त्या दिव्याच्या खांबाच्या अलीकडे," मी म्हटलं. "नक्की नाही सांगता येत."

"कारंजं आबांच्या पाठीमागे होतं?"

"हो. आणि तू त्यांच्या कोटाला लोंबकळत होतास."

"ते आठवतं मला. कोटाला कापराचा वास यायचा." सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न दिला, आम्ही निघालो. परत येताना त्याने बाजारातून माझ्यासाठी गरम चणे घेतले आणि पुडी माझ्या मांडीवर ठेवली.

जायच्या दिवशी बॅग भरताना तो म्हणाला, "फोटो दे."

"तसा? मी दुकानात विचारते, हल्ली कॉम्प्युटरवर हात जोडून देतात."

"नको. दुसऱ्या कुणाचा हात नको. असाच दे."

मी तो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून दिला. आता तो तुमच्या घरात, जिन्यासमोरच्या भिंतीवर आहे. बाबाने फ्रेम मूळ फोटोच्या मापाची केली आणि कापलेली जागा मागच्या पांढऱ्या कागदासकट तशीच ठेवली. व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला विचारलंत, त्या आजोबांना हात का नाही. तुमच्याकडे येणारी माणसंही विचारतात म्हणे. कुणी विचारलं तर सांगा, आजीने कापला, कुणी न सांगता कापला. तसंच सांगा. मला वाईट वाटेल म्हणून बदलू नका. वाईट मला वाटतंच, कॉलवर तुम्ही जिन्यापाशी आलात की मी स्क्रीनवर दुसरीकडे बघते. पण तो तिथून काढ, असं मी तुमच्या बाबाला एकदाही म्हटलेलं नाही.