स्टॅच्यू झालेलं वऱ्हाड

आमच्या स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर ‘फालतू’ नावाचं एक फोल्डर आहे. लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर गेला, पार्टीने ओके म्हटलं, की त्या लग्नाचा सगळा कच्चा माल महिन्याभरात उडवायचा, असा आमचा नियम. पण फालतूला कोणी हात लावायचा नाही. हार्ड डिस्क भरली की वैशालीवहिनी स्वतःच्या लग्नाचे फोटो दुसरीकडे हलवतात, फालतू जागचं हलत नाही. आता ते इतकं फुगलंय की क्लिक केल्यापासून उघडेपर्यंत चहा होतो.

वैशालीवहिनी आमच्या एडिटर. त्यांचे यजमान प्रमोदभाऊ स्टुडिओचे मालक आणि पहिला कॅमेरा. दुसरा कॅमेरा मी, गजानन. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत रस्त्याला लागून दुकान आहे, पुढं पासपोर्ट फोटो आणि मागं एडिटिंग. चुका आम्ही दोघं करतो आणि त्या सापडतात वहिनींना. संसार आणि धंदा दोन्ही याच तत्त्वावर चाललेत.

* * *

फालतूची सुरुवात मिररलेस कॅमेऱ्यापासून झाली.

आधी भाऊंकडे खांद्यावर घ्यायचा मोठा व्हिडिओ कॅमेरा होता. तो खांद्यावर दिसला की मांडवातली माणसं आपोआप वाट द्यायची. तीन वर्षांपूर्वी भाऊंनी तो कपाटावर ठेवला आणि लेन्स बदलता येणारा हातभर पट्ट्याचा छोटा कॅमेरा आणला. तसा तो फोटोचाच, पण व्हिडिओ असा काढतो की मागचं सगळं धूसर आणि नवरी लख्ख. भाऊ आठ दिवस तो उशाशी घेऊन झोपले.

पहिलंच लग्न सेलूकडचं. हळदीच्या दिवशी सकाळपासून भाऊ शूट करत होते. दुपारी नवरदेवाचे मामा आले आणि व्हिडिओवाला कधी येणार म्हणून विचारू लागले. भाऊ म्हणाले, मीच तो.

मामांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. “हा तं फोटोचा डब्बा हाय. आमाले काय खुळे समजून राह्यले काय?”

भाऊंनी मेनू उघडून दाखवला, क्लिप चालवून दाखवली. मामा ढिम्म हलले नाहीत. मग दुसऱ्या दिवशी, लग्नाला, भाऊंनी कपाटावरचा जुना मोठा कॅमेरा पुसून आणला. त्यात ना बॅटरी, ना कॅसेट. स्टेजसमोर ट्रायपॉडवर चढवला, वर लाइट लावला आणि मागं मला उभं केलं. चार तास मी बंद कॅमेरा मनापासून फिरवला. लोक माझ्यासमोर येऊन नाचले, आजीबाईंनी माझ्यासमोर पदर सारखा केला, एकाने तर नातवाला कडेवर उचलून दोन मिनिटं टाटा करायला लावलं. भाऊ बाजूबाजूने छोट्याने सगळं टिपत होते.

जेवायच्या वेळी मामांचा आवाज आला. “व्हिडिओवाल्याले आधी वाढा. फोटोवाला थांबन थोडा.”

मी बुंदी घेऊन बसलो आणि माझे मालक मठ्ठ्याच्या ड्रमजवळ उभे राहिले. व्हिडिओ पाहून झाल्यावर मामांचा फोन आला, काम एक नंबर झालं, त्या मोठ्या कॅमेऱ्याची गोष्टच वेगळी.

* * *

पण खरी अडचण मामा नव्हते. कॅमेरा फोटोचा दिसतो, म्हणून माणसं फोटोसाठी उभी राहतात. भाऊंनी तो डोळ्याला लावला की हसतं-बोलतं घर जागच्या जागी स्टॅच्यू होतं. एका हळदीत अकरा बायकांनी नवरीच्या गालाला, खांद्याला, हाताला हात टेकवला आणि तशाच थांबल्या. चाळीस सेकंद. फक्त मागचा पंखा फिरतोय. भाऊ म्हणाले, हला जरा. मग अकराच्या अकरा जणी एकाच बाजूला, एकाच तालात डुलायला लागल्या.

क्लिप पाहून वहिनींनी विचारलं, “हे हळद हाय का पीटीचा तास?”

यावर भाऊंनीच तोड काढली. माणूस क्लिकची वाट पाहतो ना, मग क्लिक द्यायचा. ते रेकॉर्डिंग चालू करायचे, पाच मोजायचे आणि जिभेने ‘टक’ असा आवाज काढायचे. फोटो निघाला असं समजून सगळे सैल पडायचे, एकमेकांना ढकलायचे, खिदळायचे. तेच आम्हाला हवं असायचं.

आता अडचण एवढीच की प्रत्येक क्लिपमध्ये ‘टक’ आहे. एका मंगलाष्टकात तर भाऊंना नादच लागला. नवरदेवाची आजी वर बघून पाल शोधतेय, अशी अडीच मिनिटं फालतूत आहेत.

* * *

एवढं सगळं जमलं आणि मागच्या वर्षी नेहा दुकानात आली.

सिंदी रेल्वे गावच्या एका कापूस व्यापाऱ्याची ही मुलगी. वडिलांना सगळे शेठजी म्हणतात. नेहा सावंगीच्या कॉलेजात शिकली, आता लग्न करून बंगलोरला चालली होती. ड्रोन नको, प्री-वेडिंग नको, गाण्यावर स्लो मोशन नको, असं सगळं नको-नको करून झाल्यावर तिने पर्समधून फोटोंचं एक पाकीट काढलं. तिचं बारसं, तिचा बारावीचा निकाल, मामेभावाचं लग्न, गोव्याची ट्रिप. प्रत्येक फोटोत शेठजी हात सरळ, मान ताठ, मतदान ओळखपत्रावर असतो त्या चेहऱ्याने उभे. गोव्याच्या समुद्रातसुद्धा तोच चेहरा, फक्त पँट गुडघ्यापर्यंत वळलेली.

“बाबा घरी लय हासते, भाऊ,” ती म्हणाली. “मले एक व्हिडिओ पाहिजे, बाबा हासतानाचा. पाच सेकंदाचा असला तरी चालन. बाकी लग्न तुमी कसं बी काढा.”

 भाऊंनी मागचापुढचा विचार न करता शब्द देऊन टाकला. वहिनींनी आतून मान बाहेर काढून त्यांच्याकडे पाहिलं आणि परत आत घेतली.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, भाऊंनी शेठजींवर ‘टक’ वापरला. सगळं घर सैल पडलं, हसलं, पांगलं. शेठजी होते तसेच. मिनिटभराने ओठ न हलवता म्हणाले, “अजून एक घेऊन टाका. डोये मिटले असतीन.”

असे सात घेतले. सातही क्लिप सारख्याच आहेत, कोणती आधीची आणि कोणती नंतरची ते फक्त मागच्या बाईच्या हातातल्या ताटावरून कळतं.

* * *

हळद मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याच्या शेडखाली. मिररलेस ऊन सोसत नाही. वीस मिनिटांत स्क्रीनवर थर्मामीटरचं चित्र आलं आणि कॅमेरा आपोआप बंद पडला. भाऊंनी त्याला ओला दुपट्टा गुंडाळला आणि अंगणातल्या एकमेव कुलरसमोर खुर्चीत बसवला. नवरदेवाकडून हळद घेऊन आलेले काका घामाने निथळत उभे होते. त्यांनी घरातल्यांना एवढंच विचारलं, की त्या खुर्चीत कोण बसलंय.

कुलरने भागलं नाही म्हणून भाऊंनी कॅमेरा पिशवीत घालून आइसक्रीमच्या पेटीत ठेवला. दहा मिनिटांनी काढला, तो चालू झाला, आणि नेमक्या त्याच वेळी बायकांनी शेठजींना घेरून तोंडाला हळद फासली. भाऊ धावले. रेकॉर्डिंग चालू. पण थंडगार लेन्स गरम हवेत आल्यावर जे व्हायचं तेच झालं, काचेवर वाफ धरली.

क्लिपमध्ये धुकं आहे. धुक्यात एक पिवळा गोळा आहे. गोळा मागे झुकतो, थरथरतो, पुढे येतो. आम्ही ते पंधरा वेळा पाहिलं. भाऊ म्हणाले, हसले. वहिनी म्हणाल्या, शिंकले. मला विचारलं. मी वहिनींच्या हाताखाली काम करतो, मीही शिंक म्हणालो.

नेहाच्या आत्येबहिणीला मात्र ते धुकं फार आवडलं. तिच्या लग्नाला तिने आम्हालाच बोलावलं आणि तोच ‘चिखलदरा इफेक्ट’ पाहिजे म्हणून सांगितलं.

* * *

लग्नाच्या दिवशी भाऊंनी शेवटचा डाव टाकला. जोडप्यावर मी राहायचं आणि ते लांबची लेन्स लावून मांडवाच्या खांबामागून शेठजींना टिपणार, म्हणजे त्यांना पत्ताच लागणार नाही.

पहिलं मंगलाष्टक संपलं. शेठजींनी अक्षता टाकायला हात वर नेला आणि चाळीस पावलांवरून, दीडशे डोक्यांमधून, त्यांना खांबामागची लेन्स दिसली. हात वरच राहिला. मान ताठ झाली. शेजारच्या पाहुण्यांना वाटलं, काही रीत असेल. त्यांनीही हात वर धरले. बघता बघता सगळा मांडव आशीर्वाद देत थिजला, आणि भटजी पुढचं कडवं म्हणावं की नाही या विचारात पडले.

भाऊंनी घाईने लेन्स काढली, दुसरी लावायला. कॅमेऱ्याचं तोंड उघडं. तेवढ्यात मांडवाला कोणीतरी भानावर आणलं आणि दीडशे जणांच्या साठलेल्या अक्षता एकदम उडाल्या. चार दाणे थेट कॅमेऱ्याच्या पोटात गेले.

भाऊ पुढचा तासभर पंगतीमागे बसून कॅमेऱ्यात हवा मारायचा रबरी फुगा दाबत होते. वहिनींना फोन करून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “चला, त्याचं बी लगन लागलं.”

* * *

त्यामुळं पंगत मला एकट्याला काढावी लागली. पंगतीतल्या पोरांना स्वतःला पाहायचं होतं, म्हणून मी माझ्या कॅमेऱ्याची छोटी स्क्रीन बाहेर, त्यांच्याकडे वळवली होती. शूट झालं, बटण दाबलं, आणि आचाऱ्याकडच्या एका उपड्या पातेल्यावर कॅमेरा तसाच ठेवून मी ताट घेतलं. शेठजी आले आणि समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. जेवलात का विचारलं. आचाऱ्याला सांगून माझ्या ताटात गरम बुंदी घालायला लावली. मग मांडवाकडे पाहू लागले. 

“नेहा अकरावीत होती,” ते एकदम म्हणाले. “जिनिंगच्या आवारात स्कूटी शिकवून राह्यलो होतो तिले. सरळ कापसाच्या गंजीत घुसली. गाडी बी अंदर, पोट्टी बी अंदर. बाहेर निघाली तं भिवया बी पांढऱ्या.”

आणि शेठजी हसले. खांदे हलेपर्यंत, खुर्ची करकरेपर्यंत हसले. खिशातून रुमाल काढून डोळे पुसले आणि पुन्हा हसले. माझ्या हातात बुंदीचा चमचा, कॅमेरा पातेल्यावर बंद. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

हसू ओसरल्यावर त्यांनी पुढचं सांगितलं. त्या दिवशी सगळ्या हमालांसमोर तिला खूप बोलले, ब्रेक का नाही दाबला म्हणून. वर्षभर तिने गाडीला हात लावला नाही.

“ब्रेक मीच ढिला केला होता आदल्या दिवशी,” ते म्हणाले. “टाइट होता. म्हटलं, तिच्या बोटाइले लागन.” उठता उठता माझ्याकडे वळले. “तिले सांगू नोका बरं.”

संध्याकाळी पाठवणीला ते पुन्हा खांबासारखे उभे होते. नेहा गळ्यात पडून रडली, तिने जाता जाता भाऊंकडे पाहिलं, आणि भाऊंनी मान खाली घातली. 

तिसऱ्या दिवशी वहिनींनी आम्हाला आत बोलावलं. माझ्या कार्डवर पंगतीची एकही क्लिप नव्हती. मी बटण उलटंच मोजत होतो. चालू समजलो तेव्हा बंद आणि बंद केला असं समजलो तेव्हा चालू. मी शिव्या खायची तयारी केली. वहिनींनी शेवटची क्लिप लावली. नऊ मिनिटांची. मधोमध शेठजी, चेहरा लख्ख, मागचा आचारी धूसर. इतकी चांगली फ्रेम मी जाणूनबुजून कधी लावलेली नाही.

भाऊ नाचायचेच बाकी होते. म्हणाले, हसण्याचे पाच सेकंद काप आणि आजच पाठव, पोरीने तेवढंच मागितलंय.

“कापता येते,” वहिनी म्हणाल्या. “पण बाकीचं आपल्या फालतूत ठेवू का? ते तिचं हाय. अन् शेठजी तं सांगू नोका म्हणून गेले.”

शेवटी ठरलं की शेठजींनाच विचारायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही सिंदीला गेलो. शेठजी कापसाच्या गाड्यांमध्ये उभे होते. भाऊंनी मोबाइलवर क्लिप लावून त्यांच्या हातात दिली. त्यांनी नऊच्या नऊ मिनिटं उन्हात उभं राहून पाहिली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. भाऊ हात जोडून म्हणाले, गजाननच्या हातून चुकून चालू राहिला जी, तुम्ही म्हणाल तर इथंच पुसून टाकतो.

शेठजींनी मोबाइल परत दिला.

“तुमच्याकडून चुकून राह्यला असन,” ते म्हणाले. “ती स्क्रीनची काच तं माह्याकडेच होती. मीच दिसून राह्यलो होतो तिच्यात, अन् वरतं लाल टिपका. मंग, पाठवला का नाई तिले?”